वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी त्रिमितीय सॉफ्टवेअरची निवड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वास्तुकलेच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यासमोर पहिल्या-दुसऱ्या सत्रातच एक प्रश्न उभा राहतो. इमारतीचे त्रिमितीय प्रतिरूप तयार करण्यासाठी आणि त्या प्रतिरूपाचे रेंडरिंग करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर शिकावे? वरच्या वर्गातील विद्यार्थी एक नाव सांगतात, शिक्षक दुसरे सांगतात आणि जेथे पुढे प्रॅक्टिकल ट्रेनिंग करावयाचे त्या कार्यालयाची अपेक्षा तिसरीच असते. हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक समजला जातो व त्याचे उत्तरही गुणदोषांच्या तक्त्याने दिले जाते. परंतु गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहिला असता असे आढळते की, ही निवड विद्यार्थ्याने क्वचितच केलेली आहे. किंमत, परवान्याच्या अटी, नोकरीची बाजारपेठ आणि आपल्याकडे तर महानगरपालिकेचा बांधकाम परवानगी विभाग यांनी ती बहुतेक वेळा आधीच करून ठेवलेली असते. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणांनी केली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रेंडरिंगचे पूर्वायुष्य

‘रेंडरिंग’ हा शब्द संगणकाबरोबर आला, असा आजच्या विद्यार्थ्यांचा समज असतो. वस्तुतः तो त्याहून पुष्कळ जुना आहे. ड्रॉइंग बोर्डवर ताणून बसविलेल्या कागदावर पातळ रंगाचे एकावर एक हात देऊन इमारतीच्या दर्शनी भागाला उठाव आणणे, छज्जाची सावली भिंतीवर नेमकी किती उतरेल हे भूमितीने काढून ती रंगविणे, म्हणजे रेंडरिंग. फ्रान्समधील बोझार परंपरेतून ही पद्धत इंग्लंडमध्ये आणि तेथून वसाहतींतील कलाशाळांत आली. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे वास्तुकलेचे शिक्षण विकसित झाले. तेथे दीर्घकाळ अध्यापन केलेल्या क्लॉड बॅटली यांनी १९३४ मध्ये ‘द डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर’ हा मोजमापे घेऊन काढलेल्या आराखड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. वास्तू समजून घ्यावयाची तर ती प्रथम मोजावी व मग कागदावर उतरवावी, ही शिस्त त्यामागे होती.

या जुन्या पद्धतीत दोन गोष्टी आपोआप घडत. एक म्हणजे प्रमाण. एकास शंभर या प्रमाणात काढलेल्या आराखड्यात खिडकीच्या चौकटीची खाच दाखविताच येत नाही; त्यामुळे काय दाखवावे व काय सोडून द्यावे याचा निर्णय कागदच करून देई. दुसरी म्हणजे सावली. ती काढण्यासाठी सूर्याची दिशा व उंची ठाऊक असणे भाग होते. संगणकाने या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतल्या. पडद्यावर प्रतिरूप हवे तितके मोठे करता येते, म्हणून प्रमाण उरत नाही. आणि सावली एका कळीवर उमटते, म्हणून सूर्य कोठे आहे हे विचारण्याची गरज भासत नाही.

विद्यापीठांत जन्मलेली साधने

संगणकावरील रेखनाची सुरुवात साधारणतः १९६३ पासून धरली जाते. त्या वर्षी आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा ओढावी, दोन रेषा समांतर असाव्यात असे संगणकास सांगावे आणि त्याने ती अट पाळावी, ही कल्पना त्यात होती. टीएक्स-२ या ज्या संगणकावर हे घडले, तसे यंत्र कोणत्याही वास्तुविशारदाच्या कार्यालयात असणे त्या काळी अशक्य होते.

वास्तुकलेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम कॉर्नेल विद्यापीठात झाले. डोनाल्ड ग्रीनबर्ग हे तेथे वास्तुकला शिकवीत. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सिरॅक्यूज येथील प्रयोगशाळेतील यंत्रे वापरून विद्यापीठाच्या परिसराचा ‘कॉर्नेल इन पर्स्पेक्टिव्ह’ हा संगणकीय चित्रपट १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार केला. १९७४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात वास्तुकलेतील संगणकचित्रणावर ग्रीनबर्ग यांचा लेख आला. पुढे १९८४ मध्ये याच विद्यापीठातील संशोधकांनी ‘रेडिओसिटी’ ही पद्धत मांडली. एका भिंतीवर पडलेला प्रकाश दुसऱ्या भिंतीवर परावर्तित होतो आणि लाल भिंतीशेजारची पांढरी भिंत किंचित तांबूस दिसते, हे या पद्धतीने गणिताने काढता येऊ लागले. साधी पेटी तयार करून गणिताने काढलेले चित्र व प्रत्यक्ष पेटी यांची तुलना करण्याची प्रथा तेथेच रूढ झाली. ही ‘कॉर्नेलची पेटी’ आजही प्रकाशगणनेची कसोटी म्हणून वापरली जाते.

दरम्यान बेल प्रयोगशाळेतील टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये किरणांचा माग काढण्याची, म्हणजेच रे-ट्रेसिंगची, पद्धत प्रसिद्ध केली. पारदर्शक व चकचकीत गोलांचे त्यांचे एक चित्र काढण्यास त्या वेळच्या व्हॅक्स संगणकाला ७४ मिनिटे लागली होती. सबमिशनच्या आदल्या रात्री रेंडर पूर्ण होण्याची वाट पाहत बसलेल्या विद्यार्थ्याच्या व्यथेची परंपरा अशी जुनी आहे.

लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८५ च्या सुमारास आरंभलेली ‘रेडिअन्स’ ही प्रणाली याच परंपरेतील होय. तिचा हेतू चित्र देखणे करणे हा नव्हता. खोलीत टेबलाच्या पृष्ठभागावर किती लक्स प्रकाश पडेल, हे सांगणे हा होता. तसेच ओहायो राज्य विद्यापीठातील क्रिस येसिओस या वास्तुकलेच्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये ‘फॉर्म-झी’ हे घनाकृतींचे प्रतिरूपण करणारे सॉफ्टवेअर बाजारात आले. घनातून घन वजा करणे, दोन घन जोडणे, त्यांचा छेद घेणे अशा क्रिया त्यात होत्या. या क्रिया रेखनापेक्षा रचनेच्या जवळच्या होत्या. त्या काळात अमेरिकेतील अनेक वास्तुकला शाळांत फॉर्म-झी शिकविले जाई.

या सर्व साधनांत एक समान सूत्र दिसते. ती शिक्षण व संशोधन करणाऱ्यांनी, आपल्याच प्रश्नांची उत्तरे शोधताना घडविली. विद्यार्थ्याने काय शिकावे हा विचार साधनाच्या रचनेत होता. ही स्थिती फार काळ टिकली नाही.

बाजारपेठेचा प्रवेश

१९८२ मध्ये जॉन वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात ऑटोडेस्क ही कंपनी स्थापन केली आणि त्याच वर्षअखेरीस ‘ऑटोकॅड’ बाजारात आणले. आरंभीची किंमत सुमारे १००० डॉलर होती आणि ते छोट्या वैयक्तिक संगणकावर चालत असे. मोठ्या यंत्रांवरील रेखनप्रणालींच्या तुलनेत ही किंमत नगण्य होती. ऑटोकॅडची श्रेष्ठता त्याच्या भूमितीत नव्हती. ते ज्या संगणकावर चालत असे, तो संगणक स्वस्त होत होता, यात होती. निवडीच्या इतिहासातील हा पहिला धडा म्हणता येईल.

त्याच वर्षी हंगेरीत गाबोर बोयार यांनी ‘ग्राफिसॉफ्ट’ची स्थापना केली. तिचे ‘आर्किकॅड’ हे सॉफ्टवेअर १९८७ पर्यंत ‘आभासी इमारत’ या कल्पनेपर्यंत पोहोचले. भिंत ही चार रेषांची आकृती नसून जाडी, उंची व सामग्री असलेली वस्तू आहे, हे संगणकास ठाऊक असावे, असा तो विचार होता. हाच विचार अमेरिकेत ‘रेव्हिट’च्या रूपाने २००० मध्ये आला. रेव्हिटची निर्मिती करणारी कंपनी ऑटोडेस्कने २००२ मध्ये १३ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. रेंडरिंगच्या क्षेत्रातही असेच घडले. १९९० मध्ये डॉस प्रणालीवर आलेले ‘थ्रीडी स्टुडिओ’ १९९६ मध्ये ‘मॅक्स’ झाले. रेडिओसिटीवर आधारलेले ‘लाइटस्केप’ डिस्क्रीट लॉजिक या कंपनीकडे गेले, आणि १९९९ मध्ये तीच कंपनी ऑटोडेस्कमध्ये विलीन झाली. कॉर्नेलच्या वर्गात जन्मलेले गणित अशा रीतीने एका मोठ्या कंपनीच्या मालाच्या यादीत जाऊन बसले. बल्गेरियातील सोफिया येथून २००२ मध्ये आलेल्या ‘व्ही-रे’ने हेच गणित सामान्य संगणकावर बेताच्या वेळात करून दाखविले आणि पुढील दशकभर रेंडरिंग म्हणजे व्ही-रे असे समीकरण रूढ झाले.

शाळांनी या लाटेपुढे सर्वत्र मान तुकविली असे मात्र नाही. कोलंबिया विद्यापीठात बर्नार्ड शुमी अधिष्ठाता असताना १९९४ मध्ये ‘कागदविरहित स्टुडिओ’ सुरू झाले. ग्रेग लिन, हानी रशीद प्रभृतींनी तेथे चित्रपटांसाठी तयार झालेल्या सचेतपटाच्या प्रणाली वास्तुरचनेसाठी वापरल्या. साधन ज्या कामासाठी तयार झाले त्या कामासाठी ते न वापरणे, हीदेखील निवडच होय. परंतु सिलिकॉन ग्राफिक्सची महागडी यंत्रे परवडणाऱ्या विद्यापीठापुरताच हा प्रयोग शक्य होता, हेही नमूद केले पाहिजे.

भारतीय परिस्थिती

भारतात वास्तुविशारद अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि वास्तुकला परिषदेने शिक्षणाची किमान मानके १९८३ मध्ये ठरविली. त्या वर्षी ऑटोकॅड बाजारात येऊन एक वर्षही झाले नव्हते. १९८४ च्या संगणकविषयक धोरणानंतर आयातीचे निर्बंध सैल झाले. तरीही महाविद्यालयांत संगणकांची स्वतंत्र खोली येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनियाच्या प्रिंट हेच विद्यार्थ्याचे जग होते.

येथे परवान्याचा प्रश्न वेगळ्या रूपात आला. परकीय चलनातील किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होती. अनेक छोट्या कार्यालयांच्याही होती. कायद्याच्या बाजूने पाहता, १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीस स्वामित्व हक्क कायद्याखाली साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले, आणि १९९४ च्या दुरुस्तीने, जी १० मे १९९५ पासून अमलात आली, अनधिकृत आज्ञावलीचा जाणीवपूर्वक वापर करणाऱ्यास किमान सात दिवसांच्या कारावासाची तरतूद झाली. व्यवहार मात्र निराळा होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नकली सीडी खुलेआम मिळत. महागड्यातले महाग सॉफ्टवेअर आणि साधे सॉफ्टवेअर यांची किंमत एकच, म्हणजे एका सीडीची, झाल्यामुळे तुलनेचा प्रश्नच उरला नाही. सर्वांत मोठे नाव असलेले सॉफ्टवेअर सर्वांनी घेतले. चोरीने कंपन्यांचे तात्कालिक नुकसान झाले असेल, परंतु तिने त्यांना एक संपूर्ण पिढी प्रशिक्षित करून दिली, हेही तितकेच खरे. स्वस्त वा मुक्त पर्यायांची वाढ खुंटण्यामागे हे एक मोठे कारण असावे. त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

दुसरे बंधन शासकीय आहे. पुणे व मुंबई या महानगरपालिकांसह अनेक ठिकाणी बांधकाम परवानगीसाठी ‘ऑटो-डीसीआर’ ही पुण्यात विकसित झालेली प्रणाली वापरात आली. ठरावीक स्तरांत, ठरावीक नावांनी काढलेला आराखडा ती वाचते व चटईक्षेत्र, सामासिक अंतरे इत्यादी नियमांशी पडताळते. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु त्यामुळे द्विमितीय कॅड आराखडा हे कार्यालयाचे अनिवार्य चलन ठरले आणि ज्या विद्यार्थ्यास नोकरी हवी, त्याची पहिली निवड तेथेच संपली. त्रिमितीय प्रतिरूपाची वही त्यानंतर उघडते.

स्केचअप आणि बोल्डरचा सूर्य

या पार्श्वभूमीवर ‘स्केचअप’चे यश समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील बोल्डर या गावी ‘ॲट लास्ट सॉफ्टवेअर’ या कंपनीने ते २००० मध्ये आणले. पृष्ठभाग धरावा आणि ओढावा, म्हणजे घन तयार होतो, ही त्यातील मुख्य क्रिया. माउंटबोर्ड कापून मॉडेल करणाऱ्या विद्यार्थ्यास ती तत्काळ उमगते. २००६ मध्ये गूगलने ही कंपनी घेतली व सॉफ्टवेअरची एक आवृत्ती विनामूल्य केली. कायदेशीर, विनामूल्य आणि दोन दिवसांत शिकता येणारे त्रिमितीय साधन भारतीय विद्यार्थ्यास प्रथमच मिळाले. २०१२ मध्ये ते ट्रिंबल कंपनीकडे गेले. संगणकावर बसवावयाची विनामूल्य आवृत्ती २०१७ नंतर पुढे विकसित झाली नाही, आणि विनामूल्य वापर ब्राउझरपुरता उरला.

स्केचअपविषयी एक बारीक, परंतु शिक्षणाच्या दृष्टीने मोठी गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. त्याच्या अनेक आवृत्त्यांत नवीन प्रतिरूपाचे स्थान मुळातच बोल्डर असे धरलेले असे. बोल्डर ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मुंबई १९ अंशांवर. विषुवदिनी माध्यान्ही बोल्डर येथे सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवर असतो, तर मुंबईत ७१ अंशांवर. दक्षिणेकडील खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल तर त्याची सावली बोल्डरला भिंतीवर सुमारे ७२ सेंटिमीटर खाली उतरते. मुंबईत ती सुमारे १७४ सेंटिमीटर उतरते. शिवाय मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. बोल्डरला असे कधीच घडत नाही. ज्या विद्यार्थ्याने स्थान बदलले नाही, त्याच्या शीटवर मुंबईची इमारत आणि कोलोरॅडोचा सूर्य एकत्र नांदतात. चित्र सुंदर दिसते. ज्युरीत बसलेल्यांपैकी कोणी सावली मोजून पाहिली नाही, तर छज्जा अपुरा आहे की अधिक, हा प्रश्न निघतच नाही. जुन्या पद्धतीने हाताने सावली काढणाऱ्या विद्यार्थ्यास ही चूक करणे कठीण होते, कारण अक्षांशाशिवाय त्याची पहिली रेषाच पडत नसे.

यानंतर आलेली तत्काळ चित्र देणारी साधने, म्हणजे २०१० चे ‘लुमिऑन’, त्यानंतरचे ‘एन्स्केप’ आणि २०१९ मध्ये एपिक गेम्सने घेतलेले ‘ट्विनमोशन’, यांनी रेंडरची प्रतीक्षा संपविली. खर्च मात्र संपला नाही. तो सॉफ्टवेअरवरून लॅपटॉपच्या ग्राफिक कार्डावर सरकला. तयार झाडे, तयार माणसे व तयार आकाश यांमुळे सर्व महाविद्यालयांच्या शीट एकमेकींसारख्या दिसू लागल्या, ही तक्रार अनेक परीक्षकांच्या तोंडी असते व ती रास्त आहे. चित्र लवकर मिळू लागले की रचना लवकर थांबते. म्हणून प्रतिरूपण आधी व दीर्घकाळ, रेंडरिंग उशिरा व थोडे, हा क्रम महाविद्यालयाने आग्रहाने राखावयास हवा.

फाइल कोणाची?

मुक्त साधनांचा प्रवाह याच काळात समांतर वाहत होता. नेदरलँड्समधील टॉन रोसेंडाल यांचे ‘ब्लेंडर’ कंपनी बंद पडल्यामुळे नष्ट होण्याच्या मार्गावर होते. २००२ मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याची मूळ आज्ञावली मुक्त करून घेतली. ‘रेडिअन्स’ही त्याच वर्षी मुक्त झाले. २०११ मध्ये ब्लेंडरमध्ये ‘सायकल्स’ हे प्रकाशकिरणांवर आधारित रेंडरिंग आले आणि २०१९ च्या २.८० या आवृत्तीने त्याची मांडणी नवशिक्यासही सोसवेल अशी केली. वास्तुकलेसाठी ते घडलेले नाही, मापनाची शिस्त त्यात स्वतःहून येत नाही, हे दोष खरे आहेत. तथापि विद्यार्थ्याच्या शिक्षणाबरोबर त्याचा परवाना संपत नाही.

हा मुद्दा किरकोळ नाही. ऑटोडेस्कने डिसेंबर २०१४ पासून जगभरातील शाळा-महाविद्यालयांना आपली उत्पादने विनामूल्य केली. चोरीच्या सीडीचे कारण त्यामुळे उरले नाही. परंतु २०१६ मध्ये त्याच कंपनीने कायमस्वरूपी परवान्यांची नवी विक्री थांबविली व वर्गणीची पद्धत आणली. २०२० मध्ये ब्रिटनमधील नामवंत वास्तुकला कार्यालयांनी रेव्हिटचा वाढता खर्च व मंद विकास यांविषयी कंपनीस उघड पत्र लिहिले. मोठमोठ्या कार्यालयांची ही स्थिती, तर पदवी घेऊन एका टेबलावर व्यवसाय सुरू करणाऱ्या तरुणाची काय होईल? शैक्षणिक परवाना संपतो. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीतून जुन्या आवृत्तीत जतन होत नाही. आणि पाच वर्षांच्या शिक्षणाचे फळ असलेला प्रबंध त्याच्या स्वतःच्या संगणकावर उघडत नाही. ‘ऱ्हायनो’सारख्या, १९९८ मध्ये आलेल्या सॉफ्टवेअरचा शैक्षणिक परवाना मुदतीने संपत नाही, हे त्याच्या बाजूने सांगण्यासारखे आहे; वक्राकार पृष्ठभागांवरील त्याच्या प्रभुत्वाइतकेच ते महत्त्वाचे मानले पाहिजे.

ऑटोडेस्कने आरंभीच ‘डीएक्सएफ’ हे देवाणघेवाणीचे स्वरूप जाहीर केले होते. ‘डीडब्ल्यूजी’ हे मूळ स्वरूप मात्र जाहीर केले नाही. ते उलगडून वाचता यावे यासाठी १९९८ मध्ये इतर कंपन्यांना संघटना स्थापावी लागली. भिंत, दार, तुळई यांची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी तयार झालेले ‘आयएफसी’ हे स्वरूप २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. रेव्हिट, आर्किकॅड व ब्लेंडरवर आधारित मुक्त प्रणाली यांना ते वाचता येते. रूपांतरात काही माहिती गळते, हे मान्य करूनही. प्रबंध स्वीकारताना छापील शीट व पीडीएफ एवढ्यावर न थांबता आयएफसी आणि डीएक्सएफ प्रती ग्रंथालयात जमा करण्याचा नियम कोणतेही महाविद्यालय स्वतःच्या अधिकारात करू शकते. त्यास वेगळा खर्च नाही, आणि विद्यार्थ्याने काम कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केले हा प्रश्न त्या नियमाने बव्हंशी गौण होतो.